गुजरीत दागिना घेताना बिल कसे वाचावे

कोल्हापुरात सोने घ्यायचे म्हटले की पाय आपोआप गुजरीकडे, म्हणजे इथल्या सराफ बाजाराकडे, वळतात. तिथे गेल्यावर आपण आजचा भाव विचारतो, पण भाव बहुतेक दुकानांत जवळपास सारखाच असतो आणि खरा फरक पडतो तो घडणावळीत, म्हणजे दागिना घडवण्याच्या मजुरीत. समजा, १० ग्रॅमच्या दागिन्यात १,००,००० रुपयांचे सोने आहे. घडणावळ १२ टक्के असेल तर बेरीज १,१२,००० होते, त्यावर ३ टक्के जीएसटी धरून बिल १,१५,३६० रुपयांवर जाते. तीच घडणावळ ८ टक्के असती तर १,११,२४० रुपयांत काम झाले असते. मोडीच्या वेळी, म्हणजे दागिना परत विकताना, घडणावळ आणि कर यांतले काहीच परत मिळत नसल्यामुळे घासाघीस करायची ती इथेच करावी. चहा घेऊन झाल्यावर संकोच वाटतो, हे मात्र खरे.

साज किंवा ठुशी घेताना खडे, लाख आणि दोरा वगळून निव्वळ सोन्याचे वजन बिलावर वेगळे लिहून घ्यावे.

हॉलमार्क म्हणजे शुद्धतेची खूण असलेल्या २२ कॅरेटच्या दागिन्यावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, २२के९१६ ही शुद्धता (९१.६ टक्के सोने) आणि अक्षरे व अंक मिळून होणारा सहा स्थानांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा क्रमांक सक्तीचा आहे. दुकानदाराकडून भिंग मागून तो वाचावा आणि काउंटरवरच बीआयएस केअर ॲपमध्ये घालून पाहावा.