भावी बालवाडीताईंना अडचणी सोडवायला कसं शिकवावं

बालवाडी शिक्षिकेच्या प्रशिक्षणात समस्या सोडवण्याचा तास बहुतेक ठिकाणी फळ्यावर पाच पायऱ्या लिहून उरकतात. विद्यार्थिनी त्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि वर्गात एखादं मूल दुसऱ्याला चावलं की गांगरून जातात. मी हे काम बरीच वर्षं करते आहे. फळा पुसा आणि पुढच्या क्रमाने जा.

१. सरावाच्या बालवाडीतून प्रत्येकीला एकेक खरी अडचण आणायला सांगा. कल्पनेतली चालणार नाही.

२. ती अडचण दिसली तशी लिहून घ्या. सगळं घोडं इथेच अडतं. ‘मुलगा मारकुटा आहे’, ‘हट्टी आहे’, ‘घरी फार लाड होतात’ असं लिहून येतं. हे निरीक्षण नव्हे, हा निकाल झाला. एकदा मूल मारकुटं ठरलं की ओरडणं आणि आईला बोलावणं, एवढेच उपाय सुचतात.

सुरुवातीची काही वर्षं मीही असे शब्द चालवून घेतले आणि थेट उपायांकडे वळले. एका विद्यार्थिनीच्या वर्गात एक मुलगा रोज इतरांना ढकलायचा. मी सांगितलं, त्याला जवळ बसवा. काही फरक पडला नाही. मग तिने पाच दिवस वेळेसकट नोंदी केल्या. ढकलाढकली रोज साडेदहानंतरच व्हायची. आई पहाटे कामावर जायची, मुलगा नुसता चहा पिऊन यायचा आणि खाऊ मिळायचा साडेअकराला. खाऊची वेळ दहावर आणली, ढकलणं जवळजवळ थांबलं. इतके दिवस ते लेकरू उपाशी होतं आणि आम्ही त्याला वळण लावत होतो. हे मला अजून खुपतं.

तेव्हापासून वहीच्या पानाचे दोन रकाने करायला लावते. डावीकडे फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं: वेळ, जागा, आधी काय घडलं, नंतर काय घडलं. उजवा रकाना पाच दिवस कोरा. डावीकडे मुलाच्या स्वभावाबद्दल एक जरी शब्द आला तरी तो खोडा आणि वही परत द्या. विद्यार्थिनी रडकुंडीला येतात, ‘ताई, तुम्हीच सांगा ना’ म्हणतात. सांगू नका. ‘त्याच्या आधी काय झालं होतं?’ एवढंच विचारा. तुम्ही उत्तर दिलंत की ती ते वहीत उतरवून घेईल आणि पुढे प्रत्येक मुलावर तेच चालवेल.

३. आता उजव्या रकान्यात तीन उपाय. त्यातले निदान दोन तरी वेळ, जागा किंवा साहित्य बदलणारे हवेत, मुलाला बदलणारे नकोत. इथे मी बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम सांगते. १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षण सुरू केल्यावर आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात. पालकांना शिक्षणाची गोडी नाही, असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. पाड्यावरच्या अंगणात शाळा नेली, तीच अंगणवाडी. पुढे जवळच्याच कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा.

४. एकच उपाय निवडून आठवडाभर करायचा. नोंदी चालूच.

५. शेवटी हेच मुलांपर्यंत न्या. ठोकळ्यांचा मनोरा पडला की विद्यार्थिनीने हात मागे बांधून मनात वीसपर्यंत मोजायचं. मूल बहुतेकदा त्याआधीच मोठा ठोकळा खाली घेतं. नाही घेतलं, तर ‘कुठला खाली ठेवूया?’ एवढंच विचारायचं.