उन्हाळ्यात वाळली म्हणून उपटू नका! हिवाळी क्लेमॅटिस लावताना या चुका टाळा

दरवर्षी जुलै उजाडला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. तपकिरी पडलेली पानं, काटक्यांसारख्या फांद्या आणि खाली एक ओळ: ‘ताई, वेल गेली वाटतं.’ बहुतेक वेळा ती गेलेली नसते, झोपलेली असते. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत मात्र काळजीपोटी तिला खरोखरच मारलं जातं.

ही वेल म्हणजे क्लेमॅटिस सिरोसा, बागवाल्यांच्या तोंडी हिवाळी क्लेमॅटिस. इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशायरमध्ये, माझ्या घराच्या दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीवर ती चौदा वर्षं आहे. तिचं माहेर मात्र भूमध्य समुद्राचा काठ. दक्षिण स्पेन-पोर्तुगाल, मायोर्का, मिनोर्का, सिसिली, क्रीट, सायप्रस आणि पलीकडे उत्तर आफ्रिका. तिथं ती झुडपांवर आणि दगडी बांधांवर चढते. त्या मुलखात पाऊस पडतो हिवाळ्यात, आणि उन्हाळ्याचे तीन महिने जमीन भाजून निघते. म्हणून ही वेल आपलं सगळं काम थंडीत उरकते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पालवी, नाताळच्या आगेमागे मलईच्या रंगाच्या घंटा, मेनंतर सुस्ती. दुकानातल्या लेबलवर ‘सदाहरित’ लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, हिवाळाभर ती हिरवीगारच असते. पण ‘सदा’ या शब्दावर विसंबून लोक जुलैतही हिरवी पानं शोधतात, आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो.

२०२२ चा उन्हाळा इथल्या कुणाच्या विस्मरणात जाणार नाही. १९ जुलैला इंग्लंडात पारा पहिल्यांदाच ४० अंशांच्या वर गेला. ऑगस्टमध्ये आमच्या भागात होजपाइप वापरायला बंदी आली. आमच्या मंडळातल्या एका तरुण जोडप्याला मी त्याच्या तीन वर्षं आधी माझ्याच वेलीचं दाब कलम दिलं होतं. छान जोमात होतं, आदल्या हिवाळ्यात पहिल्यांदा फुललंही होतं. त्या जुलैत त्याची पानं वाळली तशी दोघं घाबरली. मी तेव्हा साताऱ्याला आईकडे होते, त्यामुळे त्यांनी मला विचारलं नाही. घरी वापरलेलं पाणी साठवून सकाळ-संध्याकाळ एकेक बादली बुंध्यात ओतत राहिली. त्यांच्या अंगणातली माती चिकण, पाण्याचा निचरा कमी. वर भेगा दिसायच्या, पण खाली सहा इंचांवर चिखल होता.

सप्टेंबरमध्ये मी परत आले तेव्हा त्यांनी बोलावलं. खुरपीनं बुंध्याजवळची माती सारली तर आंबूस वास आला. मुळं चिमटीत धरली की वरची साल मोज्यासारखी निघून यायची. बुंधा काळा पडला होता. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि माझी वेल? तिला जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत पाण्याचा थेंबही मिळाला नव्हता. नवऱ्याला बजावून गेले होते की तिच्याकडे पाहायचंसुद्धा नाही. सप्टेंबरच्या पावसानंतर पेराएवढे हिरवे कोंब प्रत्येक सांध्यातून वर आले. त्या दोघांचे पडलेले चेहरे मला अजून आठवतात. त्यांनी आळस केला नव्हता, उलट कष्ट केले होते. म्हणूनच ही चूक मला सगळ्यात जास्त लागते.

मग वेल झोपली की मेली, हे ओळखायचं कसं? मी नखानं फांदीची साल किंचित खरवडते. खाली हिरवं दिसलं तर जिवंत. वरच्या फांद्या तपकिरी निघाल्या तर खाली उतरत जाते, बुंध्याशेजारी तपासते. आणि काहीही दिसलं तरी ऑक्टोबर संपेपर्यंत उपटत नाही. पाण्याचा माझा नियम असा: लावल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, मुळं अजून पसरलेली नसतात म्हणून, पंधरवड्यातून एकदा संध्याकाळी भरपूर. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या वेलीला उन्हाळ्यात काही नाही. कुंडीत असेल तर माती पार दगड होऊ नये इतपतच. खत तर या काळात अजिबात नको. वाळलेली पानं पाहून ‘टॉनिक’ घालणारे पुष्कळ भेटतात. झोपलेल्याच्या तोंडात घास कोंबण्यातला प्रकार आहे तो.

दुसरी चूक छाटणीची, आणि तीत उतावळेपणा जास्त असतो. इथले लोक शरद ऋतूत बाग ‘आवरतात’. यंत्र हातात घेतलं की दिसेल ते सरसकट कापतात. आमच्या शेजारच्या घरी एकदा ऑक्टोबरमध्ये बागकामाला माणूस बोलावला होता. त्यानं कुंपणावरची लव्हेंडर, हनीसकल आणि हिवाळी क्लेमॅटिस एकाच उंचीवर, फूटपट्टी लावल्यासारखी, कापून टाकली. क्लेमॅटिसवर तेव्हा मुगाच्या दाण्याएवढ्या कळ्या धरलेल्या होत्या. त्या सगळ्या हिरव्या कचऱ्याच्या पेटीत गेल्या. शेजारच्या आजींनी त्या हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून नुसत्या काटक्या पाहिल्या. थंडीच्या दिवसांत त्या फुलांवर येणारे मोठे केसाळ भुंगे हा त्यांचा रोजचा विरंगुळा होता.

ही वेल आधीच्या फांद्यांवर फुलते. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या इथल्या बागकाम-संस्थेच्या भाषेत तिचा छाटणी-गट पहिला. म्हणजे फुलं सरल्यावर, साधारण मार्चअखेर ते एप्रिल, एवढीच वेळ कात्रीची. तीही हलक्या हातानं, मेलेलं आणि गुंतलेलं काढण्यापुरती. मी तर काही वर्षं कात्री लावतही नाही, कारण फुलांनंतर येणारे रुपेरी, रेशमी बोंडांचे झुबके मला फुलांइतकेच आवडतात. वेल हाताबाहेर गेली असेल तर एका वर्षात बोडकी करू नका, तीन वर्षांत थोडी थोडी आवरा. आणि हातमोजे घाला. हिच्या रसानं कातडीची आग होते, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना चघळू देऊ नका.

लागवडीतली एक चूक दुकानातूनच शिकवली जाते. ‘क्लेमॅटिस चार बोटं खोल पुरा’ असं सरसकट सांगतात. मोठ्या फुलांच्या, उन्हाळ्यात फुलणाऱ्या जातींसाठी ते ठीक आहे. हिचा बुंधा मात्र मातीच्या पातळीलाच हवा. चिकण मातीत मी रोप लावण्याआधी खड्ड्यात आणि आजूबाजूला भरपूर बारीक खडी मिसळते. याला कंटाळून जे थेट लावतात त्यांची वेल पहिल्याच ओल्या हिवाळ्यात कुरकुरते.

आधारासाठी जाड लाकडी जाळी नको. ‘सिरोसा’ या नावाचा अर्थ तणावे, म्हणजे आधाराला वेटोळे घालणारे धागे, असलेली, पण वेलीला खरे तणावे नाहीत. ती पानाच्या देठानं वेढा घालते, आणि तो इवलासा देठ पेन्सिलीपेक्षा जाड काठीला धरू शकत नाही. ताणलेली तार उत्तम.

उत्तरेची भिंत नको. उणे ५ अंशांपर्यंत मी निर्धास्त असते. डिसेंबर २०२२ च्या कडाक्यात माझ्या वेलीची उघडी फुलं करपली, पण विटांच्या उबेत कळ्या वाचल्या आणि जानेवारीत उमलल्या.

जात निवडताना ‘फ्रेकल्स’ घ्यायची म्हणून सगळे धावतात. आतून तांबड्या ठिपक्यांची ही जात ग्वर्नझी बेटावरचे क्लेमॅटिस-तज्ज्ञ रेमंड एव्हिसन यांनी स्पेनच्या बॅलेरिक बेटांवरच्या बियांपासून तयार केली. सुंदरच आहे, पण घंटा खाली झुकलेल्या असतात. ठिपके पाहायचे तर वेल डोक्याच्या वर चढवा. कमरेइतक्या कुंपणावर ते कुणालाच दिसत नाहीत.

शेवटी तो प्रश्न, जो मला प्रत्येक सुट्टीत विचारला जातो: ‘एक रोप पुण्याला नेऊ का?’ नका नेऊ. तिथं चार महिने पाऊस पडतो तो नेमका हिच्या झोपेच्या काळात, आणि त्या जोडप्याच्या बादल्यांनी जे केलं तेच पाऊस करील. शिवाय रोप देशात न्यायचं तर वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, बॅगेत लपवून नेणं हा गुन्हा आहे. क्लेमॅटिसची हौस असेल तर सह्याद्रीत पावसाळा सरल्यावर फुलणारी रानजाई पाहा. तीही क्लेमॅटिसच. तशीच देठांनी चढते, तशीच रुपेरी पिसं घेऊन बी धरते, आणि आपला पाऊस तिला ठाऊक आहे.