सुट्टीत हॉस्टेलचं सामान ठेवताना पावसाळा धरून चाला

खारघर-नेरुळच्या हॉस्टेलमधून मे महिन्यात खोली रिकामी करून सामान स्टोरेज युनिटमध्ये ठेवणार असाल, तर चोरीपेक्षा दमटपणाची काळजी जास्त घ्या. सामान परत काढेपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो. तळमजल्याचं युनिट टाळा, वरच्या मजल्यावरचं मागा.

गादी, उशा, चादरी मेच्या कडक उन्हात दोन दिवस वाळवा. जराही ओल राहून प्लॅस्टिकमध्ये बांधलं, तर आत हमखास बुरशी धरते. त्यामुळे गादीला सुती चादर गुंडाळा. पुस्तकं मात्र झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुठ्ठ्याचा खोका दमट हवेत मऊ पडतो आणि तळातून फाटतो. डबा लहानच घ्या, पुस्तकांनी भरलेला मोठा डबा एकट्याला उचलत नाही. काहीही थेट फरशीवर नको. खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा.

रिमोट, कॅल्क्युलेटर, घड्याळातले सेल काढा, नाहीतर ते गळून आतले पत्रे गंजतात. मॅगी-बिस्किटांचा एकही पुडा राहू देऊ नका, उंदीर येतात. लॅपटॉप, पॉवर बँक आणि मूळ मार्कशीट घरी न्या.