रक्ती हगवण: कॉक्सीच्या बाबतीत या चुका टाळा

आषाढ लागला की बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटीकडं शेडमधलं तूस ओलं व्हायला लागतं आणि कुणी ना कुणी विचारतंच, "पिल्लं रक्त हगायल्यात, उष्णता झाली असंल काय?" एवढ्या पावसात कसली उष्णता! ही कॉक्सी, म्हणजे कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा रोग. तो करतो आयमेरिया टेनेला नावाचा परजीवी. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यांत, त्या जोड पिशव्यांत, तो घर करतो. मेलेलं पिल्लू चिरून बघा, दोन्ही पिशव्या रक्तानं फुगलेल्या दिसतील.

सगळ्यात महागात पडणारी चूक औषधाच्या बादलीतच होते. कॉक्सीवरचं औषध अँप्रोलियम दिसायला बी-१ जीवनसत्त्वासारखं असतं. परजीवी फसतो, तेच उचलतो आणि उपाशी मरतो. आपण मात्र पिल्लं मलूल दिसतात म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स ओततो. म्हणजे एका हातानं ताट काढून घ्यायचं आणि दुसऱ्यानं वाढायचं! बी-१ असलेलं टॉनिक कोर्स संपल्यावर द्या. के जीवनसत्त्वाला हरकत नाही.

दुसरी चूक फिनाईल शिंपडण्याची. विष्ठेतून पडणाऱ्या ऊसिस्टचं, म्हणजे परजीवीच्या अंड्यासारख्या अवस्थेचं, कवच इतकं चिवट, की नेहमीची जंतुनाशकं त्याला दाद देत नाहीत. पण पडल्या पडल्या ती रोग करत नाही. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकते आणि आत आठ स्पोरोझोइट, म्हणजे रोग लावणारे बारीक जीव, तयार होतात. तेवढीच आपल्याला सवड. गळके ड्रिंकर दुरुस्त करा, गठ्ठे झालेलं तूस काढून टाका, उरलेलं रोज खाली-वर करा.

"मागच्या महिन्यात येऊन गेली, आता परत येत नाही" हाही भ्रमच. कोंबडीत आयमेरियाच्या सात जाती सांगतात आणि एकीची प्रतिकारशक्ती दुसरीला सहसा चालत नाही.

आणि सातही जाती सारख्या मारक नसतात. परजीवीच्या अंगावर सॅग नावाच्या प्रथिनांचा थर असतो. सातही जातींचे जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचे आराखडे, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. जास्त प्रथिनं म्हणजे जास्त घातक, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. सर्वाधिक सॅग जनुकं निघाली ती सौम्य समजल्या जाणाऱ्या मायटिस या जातीत. सॅग-बी गट मात्र टेनेला आणि नेकॅट्रिक्स या दोघींतच सापडला, आणि सर्वात जास्त रक्त सांडणाऱ्या याच दोघी! टेनेलाची काही सॅग प्रथिनं प्रयोगशाळेत कोंबडीच्या भक्षक पेशींवर टाकली, तेव्हा बचावाला लागणारं इंटरफेरॉन-गामा घटलं. घातकपणाचा पुरा उलगडा एवढ्यानं होत नाही, पण अशा डझनावारी प्रथिनांतलं एखादं उचलून लस करणं का अवघड जातं, ते कळतं. म्हणून आजच्या नेहमीच्या लसी जिवंत ऊसिस्टच्याच असतात.

तशी लस दिली असेल तर कॉक्सीचं औषध मिसळलेलं खाद्य घालू नका, नाहीतर लसच मरते. खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन ही कॉक्सीची औषधं असताना सर्दीसाठी टियाम्युलिन तर मुळीच नको. त्या जोडीनं पिल्लांचे पाय लुळे पडतात, पिल्लं मरतातही. खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी कन्नडमध्ये असली आणि वाचता आली नाही, तर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा आणि मगच औषध घ्या.