कोजागरीचा बेत मध्यरात्रीपासून उलटा आखा

कोजागरीला मित्रमंडळींना बोलवायचं ठरलं की बहुतेक जण आधी पदार्थ ठरवायला बसतात. मी आधी वेळ ठरवते. रात्री बारा वाजता घरातला एकही माणूस स्वयंपाकघरात नसला पाहिजे, सगळे गच्चीवर हवेत आणि हातात दुधाचा पेला हवा. बाकी सगळं त्या बारापासून मागे मोजत यायचं. या रात्रीचं जेवण चंद्रासाठी आहे. यजमानीण खाली पाव भाजत बसली आणि वर चंद्र डोक्यावर येऊन गेला, तर मग कोजागरी कुणी साजरी केली?

पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, पण शहरात तो तेव्हा इमारतींच्या आड असतो. दहाच्या सुमाराला तो चांगला वर येतो आणि मध्यरात्री जवळजवळ माथ्यावर. म्हणून माझ्याकडे साडेआठला पानं मांडलेली असतात, साडेनऊपर्यंत जेवणं आटोपतात आणि मग दुधापर्यंत दोन-अडीच तास मोकळे राहतात. हे अंतर मी मुद्दाम ठेवते. तिखट-आंबट खाऊन लगेच केशरी दूध प्यायलं तर त्याची चवच कळत नाही.

तारीख पंचांगात आधी बघा, कारण ती बरीच पुढेमागे होते. २०२४ मध्ये कोजागरी १६ ऑक्टोबरला आली, २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती २५ ऑक्टोबरला आहे, आणि तोही रविवार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आली तर परतीचा पाऊस हमखास मनात धरायचा आणि घरातला हॉल आधीच रिकामा करून ठेवायचा. महिन्याच्या शेवटी आली तर आभाळ बहुधा निरभ्र असतं, पण मध्यरात्री दव पडतं. तेव्हा येणाऱ्यांना शाल आणायला सांगा, आणि सतरंज्यांखाली एखादं प्लॅस्टिक अंथरा.

आता पदार्थ. पावभाजी मी कोजागरीला करत नाही. पावभाजी मला आवडते, पण ती गरम वाढायची तर कुणीतरी एक जण तव्याशी अडकतोच. त्याऐवजी मटकी भेळ करा. उसळ सकाळीच होते, चटण्या आदल्या दिवशी होतात, आणि कालवायचं काम गच्चीवर पाहुण्यांनीच करायचं. वीस जणांसाठी एक किलो कोरडी मटकी पुष्कळ होते, मोड आल्यावर ती दुपटीच्या आसपास जाते. कोजागरी रविवारी असेल तर शुक्रवारी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधा. ऑक्टोबरच्या उकाड्यात मोड झपाट्याने येतात, म्हणून शनिवारी दुपारी एकदा फडकं सोडून बघाच. अर्धा-पाऊण बोटाचे मोड दिसले की थेट फ्रीजमध्ये. नाहीतर मटकी चिकट होते आणि वास मारते.

उसळ कोरडीच ठेवा, कट नको. फोडणीत हिंग-हळद, थोडा गोडा मसाला, वरून ओलं खोबरं. शिजवताना दाणा अख्खा राहिला पाहिजे, कारण भेळेत मऊ मटकीचा लगदा होतो. सोबत एक किलो कुरमुरे, अर्धा किलो फरसाण, पाव किलो बारीक शेव, दोन किलो कांदे, तेवढेच उकडलेले बटाटे, चिंचगुळाची चटणी आणि मिरची-कोथिंबिरीची हिरवी चटणी. या दिवसांत कैरी नसते, लिंबू पिळा. कुरमुरे संध्याकाळी कढईत कोरडे परतून गार झाले की डब्यात घट्ट बंद करा. गच्चीवरच्या दमट हवेत उघडे कुरमुरे दहा मिनिटांत सादळतात.

दुसरा पदार्थ शेतातून आत्ताच निघालेला असावा, असा माझा आग्रह असतो. कोकणात या पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात, नव्या भाताचं कौतुक त्या दिवशी होतं. देशावर हे दिवस भुईमुगाच्या ओल्या शेंगांचे. तीन किलो शेंगा माती जाईपर्यंत चार पाण्यांतून काढा, भरपूर मीठ घालून कुकरमध्ये उकडा आणि त्याच पाण्यात तासभर राहू द्या, मीठ दाण्यापर्यंत पोचतं. शेंगांची टोपली मध्ये ठेवली की गप्पा आपोआप रंगतात, हात रिकामे राहत नाहीत. सालांसाठी शेजारी एक मोठं पातेलं ठेवायला विसरू नका. गोडात वेगळं काही करू नका, सीताफळं आणा. ती दोन-तीन दिवस आधी थोडी कडकच घ्यायची आणि बाहेर टोपलीत पिकू द्यायची, फ्रीजमध्ये साल काळी पडते. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी येणार असतील तर मऊ मुगाची खिचडी एक कुकर लावा, तूप वरून. एवढा बेत पुरतो.

मैत्रिणी फोन करून विचारतात, "काय आणू?" त्यांना "काहीही आण" म्हणू नका. तीन घरांतून तीन डबे ढोकळा येतो. नेमकं सांगा: तू शेंगा निवडून उकडून आण, तू दोन्ही चटण्या, तू सीताफळं, तुम्ही दोघं सतरंज्या आणि पिण्याच्या पाण्याचा जार वर न्यायचं बघा. आणि प्रत्येकाला घरून एक स्टीलचा पेला आणायला सांगा. कागदी कपात गरम दुधाला कागदाचा वास येतो, आणि सकाळी गच्चीभर कप गोळा करावे लागतात ते वेगळंच.

दूध मात्र मी कुणावर सोपवत नाही. वीस जणांना प्रत्येकी दीडशे मिली म्हणजे तीन लिटर तयार दूध लागतं. ते पाऊणपट आटवायचं, तेव्हा चार लिटर म्हशीचं दूध घ्या. पाचवा लिटर वेगळा ठेवायचा, तो कशासाठी ते पुढे सांगते. दूध त्याच दिवशीचं हवं, आणि सगळ्या पिशव्या एकदम एका पातेल्यात ओतू नका. प्रत्येक लिटर लहान पातेल्यात वेगळा तापवून मग मोठ्यात घाला. एक पिशवी नासकी निघाली तरी बाकीचं दूध वाचतं.

जाड बुडाचं पातेलं पाण्याने विसळून घ्या, पुसू नका. मध्यम आचेवर साधारण तासभर लागतो. दर दोन-तीन मिनिटांनी ढवळायचं, कडेची साय आत लोटत राहायची. बुडाशी चिकटल्यासारखं वाटलं तर खरवडू नका, लगेच दुसऱ्या पातेल्यात ओता. साखर शेवटच्या दहा मिनिटांत. आधी घातली की दूध लवकर लागतं. चार लिटरला साडेतीनशे ग्रॅम मला बेताची वाटते. मसाला आदल्या दिवशी करून ठेवा: शंभर ग्रॅम बदाम, पन्नास ग्रॅम पिस्ते, पन्नास ग्रॅम काजू, पंधरा वेलदोडे आणि त्या साखरेतली दोन चमचे साखर. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, सलग फिरवला की सुक्या मेव्याला तेल सुटून गोळा होतो. केशर कोमट दुधात अर्धा तास भिजवा. चारोळी अख्खीच टाका. जायफळ गॅस बंद केल्यावर किसायचं, अर्ध्यापेक्षा जास्त नाही, नाहीतर ते कडवट होतं.

पाचवा लिटर साखर आणि सुका मेवा न घालता आटवायचा. आपल्या वयाच्या कुठल्याही घोळक्यात मधुमेह असलेलं कुणीतरी असतंच, आणि एखाद्या मुलाला बदाम-काजू चालत नाहीत. अशा माणसाला दुरून बघत बसावं लागू नये. त्या पातेल्यात फक्त केशर आणि वेलची घाला, पळी वेगळी ठेवा आणि पातेल्याच्या कडीला दोरा बांधा, अंधारात चूक होत नाही.

साडेअकराला दूध पुन्हा उकळी येईपर्यंत गरम करून वर न्या, पातळ मलमल बांधून. या दिवसांत दिव्यावर किडे येतात. गच्चीवरचे सगळे दिवे बंद करा, जिन्यातला एक तेवढा राहू दे. नैवेद्याची वाटी आधी चंद्राला दाखवायची. मलमल थोडा वेळ काढली की दुधात चंद्र दिसतो, मुलांना तो हटकून दाखवा. मग आश्विनी. घरातल्या थोरल्या अपत्याला या रात्री ओवाळतात. आमच्यात मित्रमंडळींतले सगळे थोरले एका ओळीत बसतात, पन्नाशीचे काका आणि पाच वर्षांची चिमुरडी शेजारी शेजारी, आणि मी सगळ्यांना ओवाळते. जी माणसं आईवडिलांपासून लांब राहतात किंवा ज्यांचे आईवडील आता नाहीत, त्यांच्यासाठी तरी हे कराच.

दहानंतर लाउडस्पीकर लावायचा नाही, नियमानेही आणि शेजाऱ्यांसाठीही. त्याची गरजही पडत नाही. मी अकोल्याची. आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते, शेवटच्या रात्री गाणी संपता संपत नाहीत. ती आता पुण्याच्या गच्चीवर आम्ही म्हणतो, इथल्या मैत्रिणी भोंडल्याची म्हणतात, पुरुषमंडळी टाळ्यांचा ठेका धरतात. गच्चीची किल्ली आणि सोसायटीची परवानगी आठवडाभर आधी घ्या. कठडा बुटका असेल तर मुलांना आतल्या बाजूला बसवा.

उरलेलं दूध रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा, वर उघड्यावर राहू देऊ नका. दुसऱ्या दिवशी ते दाट झालेलं असतं. त्यात कणीक आणि चमचाभर रवा भिजवून गोड पुऱ्या तळा, आणि ज्यांना रात्री लवकर निघावं लागलं त्यांच्या घरी डबा पाठवा.