आधी तिथी, मग तलवार

ऐतिहासिक कथा लिहायला बसलं की पहिला हात जातो तलवारी-जिरेटोपांकडे. तिकडे सावकाश या. आधी प्रसंगाची तिथी पक्की करा. उजेड, थंडी, उपास, वाटेतला चिखल हे सगळं तिच्या पाठोपाठ येतं.

पानिपत घ्या. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. शकात ७८ मिळवायचे एवढंच पाठ असेल तर १७६० हाती येतं आणि आख्खं वर्ष चुकतं. एक जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे, तेव्हा कुठे १४ जानेवारी १७६१ जुळतं. जुन्या पत्रांत सुहूर सन हा वर्षगणनेचा निराळा प्रकार भेटतो. तो अरबी शब्दांत असतो आणि एकम आधी येतं: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, ११६१. हा सन मृगाला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, त्यापुढे ६००.

आता ही तिथी कामाला लावा. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. तोवर पळणाऱ्याला वाट दिसते आणि पाठलाग करणाऱ्याला पळणारा. नंतर दोघेही चाचपडतात. ‘किर्र काळोखातून तो धावत सुटला’ असं लिहून मोकळं झालात, तर पंचांगाने फुकट दिलेला ताण घालवून बसाल.

पात्र निवडताना भाऊसाहेबांच्या अंबारीत शिरू नका. तिथलं पुढचं वाचकाला शाळेपासून ठाऊक आहे. बुणग्यांतलं, म्हणजे फौजेबरोबरच्या न लढणाऱ्या गर्दीतलं, माणूस घ्या: ओझी वाहणारा, नाहीतर फौजेच्या आधाराने तीर्थयात्रेला निघालेली बाई. मग दर परिच्छेदाला विचारा, हे त्याला कळलं कसं? विश्वासरावांना गोळी लागलेली त्याला दिसत नाही. दिसते धूळ, आणि मघाशी पुढे गेलेली माणसं उलटी येताना. बातमीलाही पाय असतात, तेही मोजा. भिलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, नानासाहेब पेशव्यांच्या हाती सावकाराचं पत्र पडलं तेव्हा लढाईला दहाएक दिवस उलटले होते. त्यातही माणसांची नावं नव्हती. त्यांच्या जागी मोती, मोहरा आणि खुर्दा यांचा हिशेब होता. दुःखाचा संवाद लिहिण्याआधी त्या हिशेबाकडे जरूर बघा.

घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, प्रहर तीन तासांचा. पण निवेदनात गणित मांडू नका. ‘विडा चघळून होईतो’ पुरतं. काडीपेटी नाही, चकमक आणि कापूस. दवाने कापूस ओलावला की ठिणगी धरत नाही, म्हणजे शेकोटी पेटवणं हाच एक छोटा प्रसंग होतो. चहा तर नकोच.

सगळ्यात जास्त कथा बुडतात त्या भाषेत. बखरीचं वळण संवादात आणलं की पात्रं एकमेकांशी न बोलता दरबाराला ऐकवू लागतात. त्यापेक्षा त्या काळची पत्रं वाचा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली काढलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड याच काळाचा आहे. त्यातली वाक्यं तुटक आणि कामापुरती असतात. रसद, मोर्चा असे आजही जिवंत असलेले शब्द बिनधास्त वापरा. अनोळखी शब्द मात्र पानाला दोनच, आणि अर्थ कृतीतून उलगडला पाहिजे. कंस घालावासा वाटला तर शब्दच बदला.

शेवटी लाल पेन घेऊन ‘आपणास ठाऊकच आहे की अब्दाली…’ अशा जातीची वाक्यं शोधा. दोघांनाही ठाऊक असलेलं ते एकमेकांना सांगत असतील, तर ते वाक्य काटा.