निवृत्तीची तारीख ठरवण्याआधी पेन्शनचे नियम कसे तपासावेत

कोकणात नोकरी केव्हा सोडायची हे पुष्कळदा आंब्याचा हंगाम, घराची दुरुस्ती किंवा मुंबईतला मुक्काम आवरून गावी परतण्याची ओढ यांवर ठरते आणि पेन्शनचा हिशेब मागाहून होतो. हा क्रम बदलायला हवा, कारण प्रत्येक योजनेत काही तारखा अशा असतात की त्यांच्या थोडे अलीकडे किंवा पलीकडे थांबल्याने मिळणारी रक्कम बदलते, आणि तो फरक आयुष्यभर राहतो.

प्रथम आपण कोणत्या योजनेत आहोत ते पाहावे. लोटे-परशुराम, महाड, रोहा येथील कारखान्यांतले बहुतेक कामगार आणि एसटीचे कर्मचारी कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये येतात. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य शासनाच्या सेवेत लागलेल्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू होतात. त्यानंतरच्यांसाठी राष्ट्रीय पेन्शन योजना आली.

कारखान्यातल्या कामगाराने आधी भविष्य निर्वाह निधीचे पासबुक उघडून सेवेची वर्षे मोजावीत. औद्योगिक वसाहतीत ठेकेदार बदलला की अनेकदा नवा सदस्य क्रमांक मिळतो, आणि जुन्या क्रमांकावरची सेवा वर्ग केलेली नसेल तर बारा वर्षे राबलेल्या माणसाची सेवा कागदावर सातच वर्षांची दिसते. पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते, त्यामुळे हे काम राजीनाम्याच्या आधीच उरकावे. २० वर्षे पूर्ण झाली की हिशेबात २ वर्षे वाढवून धरली जातात; म्हणून ज्याची अठरा-एकोणीस वर्षे भरली आहेत त्याने, प्रकृती साथ देत असेल तर, तेवढी मजल गाठूनच बाहेर पडावे असे मी आग्रहाने सांगेन. १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० रुपयांची आणि नंतरच्या सेवेला १५,००० रुपयांची वेतनमर्यादा (पेन्शनच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या पगाराची कमाल मर्यादा) लागते, हे ध्यानात ठेवूनच अपेक्षित रक्कम काढावी.

त्यानंतरचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. काम थांबवण्याची तारीख आणि पेन्शन सुरू करण्याची तारीख एकच असावी लागत नाही. पूर्ण पेन्शनचे वय ५८ आहे. नोकरी सोडलेल्याला ५० नंतर ती आधी मागता येते, पण प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते, आणि ६० पर्यंत थांबल्यास वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. समजा, पंचावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून कलमांच्या बागेत लक्ष घालणाऱ्या माणसाला ५८ व्या वर्षी ४,००० रुपये मिळणार आहेत. त्याने लगेच पेन्शन घेतली तर ती सुमारे ३,५०० रुपये होईल. तीन वर्षे थांबल्यास सव्वा लाखाच्या आसपास रक्कम हातची जाते आणि पुढे महिन्याला पाचशेच्या आतबाहेर जास्त मिळतात, म्हणजे थांबल्याची भरपाई व्हायला वयाची ऐंशी गाठावी लागते. ५८ वरून ६० पर्यंत थांबणाऱ्याला तर ९६,००० रुपये भरून निघण्यास सुमारे २५ वर्षे लागतात. या पेन्शनला महागाई भत्ता नाही, हेही विसरू नये. त्यामुळे थांबणाऱ्याला हा नियम पुरेसा मोबदला देत नाही आणि माणसे ५८ च्या पुढे सहसा जात नाहीत, यात नवल नाही. लवकर पेन्शन घेणे हा अविचार आहे असे मी म्हणणार नाही. मात्र पत्नीचे वय बरेच कमी असेल तर तिची पुढे मिळणारी पेन्शनही याच रकमेवर बेतलेली असते, याचा विचार अवश्य करावा.

राज्य कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांचे नियत वयोमान, म्हणजे निवृत्तीचे ठरलेले वय, ५८ आणि चतुर्थ श्रेणीचे ६० आहे, म्हणून तेथे निवडीला वाव कमी. पण शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख लागलेले असंख्य जण ३१ मे रोजी निवृत्त होतात, तर २ जूनचा सहकारी ३० जूनला निवृत्त होतो. वर्षभराच्या सेवेवर कमावलेली वेतनवाढ जुलैत लागते; ती अशा ३० जूनवाल्यांनाही मिळावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ रोजी दिला. जन्मतारीख आपल्या हाती नसते, स्वेच्छानिवृत्तीची तारीख असते. २० वर्षांच्या अर्हताकारी (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देताना जुलैची वेतनवाढ पदरात पडेल अशी तारीख निवडावी. राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्या कर्मचाऱ्याने अधिक जपावे: नियत वयोमानाला ६० टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी मिळते, पण मुदतीपूर्वी बाहेर पडल्यास साधारणतः ८० टक्के रक्कम वार्षिकीत, म्हणजे ठरावीक हप्त्यांनी पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत, गुंतवावी लागते.

हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरावरच्या खलाशाला निवृत्तीचे वय कोणी ठरवून देत नाही. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० या वयात नाव नोंदवता येते आणि ६० पासून महिना १,००० ते ५,००० रुपये मिळतात. ५,००० च्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी महिना २१० रुपये भरावे लागतात, तर चाळिसाव्या वर्षी १,४५४. पण जाळी ओढणारे खांदे साठीपर्यंत टिकतीलच असे नाही, आणि ६० पूर्वी ही योजना सोडल्यास सामान्यतः आपलीच भरलेली रक्कम आणि तिच्यावरचे उत्पन्न परत मिळते. तेव्हा पन्नाशीपासून साठीपर्यंतच्या वर्षांसाठी वेगळी बचत हवी, आणि ती बँकेतल्या आवर्ती ठेवीसारख्या, मध्येच हात घालता येईल अशा ठिकाणी असावी.